पाय कुणी धुवायचे?

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी आधीच गदारोळ केला. उद्घाटक ना. धों. महानोरांनी येऊ नये म्हणून त्यांच्यावर दडपण आणलं गेलं. महानोर आले, पाठदुखीने बेजार दिब्रिटोही आले आणि संत गोरोबाकाकांच्या जिल्ह्याने त्यांचं मनापासून स्वागत केलं. वसईची शेती आणि विहिरी बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून हरित वसई संरक्षण समितीतर्फे हाच पाद्री रस्त्यावर उतरला होता, याची गदारोळ करणाऱ्यांना कदाचित खबरही नसावी.

ख्रिस्ती धर्म जगायचा कसा, याचं याहून रोखठोक उत्तर मात्र जिल्ह्याच्या शिवेपलीकडे सापडतं. भूम-परांड्याला लागूनच जामखेड तालुका आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढचं शिक्षण अमेरिकेत. शहरात दवाखाना थाटून सुखाने राहता आलं असतं.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट चर्चमध्ये दरवर्षी सांगितली जाते. तिथे गुरू वाकतो, चेला नाही. आरोळे दांपत्याने नेमकं हेच धरलं. सुरुवातीला त्यांनी गावोगाव नर्स पाठवून पाहिल्या, पण ते जमेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, एका पंगतीला जेवायच्या आणि गावी जाऊन बाळंतपण करायच्या, पोरांची वजनं घ्यायच्या, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते दाखवायच्या. डॉक्टरने आपली विद्या कुलूपबंद न ठेवता निरक्षर बाईच्या हाती सोपवणं, याहून मोठं वाकणं कोणतं?

दुष्काळातली गोष्ट तर मासलेवाईक. कूपनलिका खोदताना हातपंप दलित वस्तीत बसतील, असं त्यांनी पाहिलं. ज्यांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांच्या दारी आता सगळ्या गावाला घागर घेऊन यावं लागलं. प्रवचन देऊन हे साधलं नसतं.

१९७१ मध्ये या गावांत हजारी १७६ अर्भकं दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये.

ही वाट एकट्या ख्रिस्ती मंडळींच्या मालकीची नाही. तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननेही खेड्यातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. म्हणूनच सेवेचं नाव निघताच आधी सेवकाची जात-धर्म विचारण्याची आपली खोड फार क्षुद्र वाटते. आणि सेवा म्हणजे नाताळात ब्लँकेटं वाटून फोटो काढणं, असं समजणाऱ्या ख्रिस्ती संस्थांनीही जामखेडकडे पुन्हा पाहायला हवं.

सरकारची गोष्ट निराळी. २००५ पासून देशभर ‘आशा’ आरोग्यसेविका आल्या. गावातलीच बाई, गावाचं आरोग्य, कल्पना तीच. पण जामखेडला डॉक्टर वाकले होते. इथे वाकण्याची अपेक्षा बाईकडूनच. तिच्या कामाला पगार नाही, मानधन आणि मोबदला म्हणायचं. २०२४ मध्ये याच बायकांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसावं लागलं. धाराशिव तर केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला. इथल्या लोकप्रतिनिधींनी सेवेचे गोडवे गाण्याआधी आशाताईंचे पैसे दर महिन्याला वेळेवर मिळतात की नाही, एवढं तरी जातीने पाहावं.