चाक गोल आहे ना?

चाकाचा शोध लागून पाच हजारांहून अधिक वर्षं झाली म्हणतात. एवढ्या काळात माणसानं चाकाकडून एकच अपेक्षा ठेवली, ती म्हणजे ते गोल असावं. बैलांची याहून वेगळी मागणी नव्हती, आणि रथात बसणाऱ्या राजांचीही नसावी. चाकानं चमकलंही पाहिजे, ही अपेक्षा अलीकडची. आणि चमक गेली की चारही चाकं काढून नवी बसवावीत, हा धर्म तर अगदीच अलीकडचा. या नव्या धर्माविरुद्ध चार शब्द लिहावेत म्हणून हा खटाटोप. लिहिणारा बी. कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि त्याच्याजवळ स्पोर्ट्स कार नाही. तेव्हा त्याला निःपक्षपाती म्हणायला हरकत नसावी.

स्पोर्ट्स कार आहे ती माझ्या भाच्याजवळ. तो अकोल्याला असतो. गाडी सेकंडहँड, लाल, दोन दारांची आणि जमिनीला पोट टेकवून चालणारी. तिला मागं दोन सीटा आहेत असं कागदपत्रांत नमूद आहे. माझ्या बहिणीला त्या सीटवरून उतरवायला दोन माणसं लागतात. एक ओढायला आणि एक धीर द्यायला.

या गाडीनं अमरावती-अकोला रस्त्याचे दोन्ही अवतार पाहिले आहेत. पहिल्या अवतारात रस्ता कमी आणि खड्डे जास्त होते. ड्रायव्हरला फक्त कोणत्या खड्ड्यातून जायचं एवढंच निवडण्याचं स्वातंत्र्य असे. मग जून २०२२ मध्ये चमत्कार झाला. याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरानं सलग मढवला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. एवढ्या वेळात आमच्या ऑफिसात पंखा दुरुस्तीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. असो. रस्ता सुधारला, पण भाच्याच्या गाडीची चाकं पहिल्या अवतारातली राहिली. काठ खरचटलेले, रंगाचे पोपडे निघालेले, आऱ्यांवर पांढरट डाग. तो एका दुकानात गेला आणि तिथून थेट मला फोन.

"मामाजी, तो म्हणते चारही बदलून टाका."

"काहून? चाकं गोल हायेत ना?"

"गोल तर हायेत."

"मंग?"

"दिसाले बरे नाही दिसत ना!"

दिसण्यावरच जायचं तर आमच्या बँकेतले निम्मे लोक बदलावे लागतील. पण दुकानदाराचे मुद्दे तीन होते आणि तिन्हींचा समाचार घेणं भाग आहे.

मुद्दा पहिला, जुन्याला रूप येत नाही. साफ खोटं. अशा मिश्रधातूच्या चाकाचा जुना रंग काढून टाकतात, खरचटलेला काठ घासून गुळगुळीत करतात, मग पावडर फवारून चाक भट्टीत भाजतात. साधारण दोनशे अंशांवर पावडर वितळून चाकाला घट्ट धरते. वऱ्हाडी माणसाला ही कृती समजावून सांगावी लागू नये, कारण भाजण्याची कला आपण वांग्यावर शिकलो आहोत. फक्त एक भान ठेवायचं. वांगं जितकं जास्त भाजावं तितकं भरीत झकास होतं. चाकाचं तसं नाही. त्याला कारखान्यात तापवून-निववूनच बळकटी दिलेली असते. भट्टीवाल्यानं हौसेनं प्रमाणाबाहेर तापवलं तर ती बळकटी जाते. तेव्हा काम द्यायचं ते भरीत आणि चाक यांतला फरक कळणाऱ्या माणसाला.

मुद्दा दुसरा, दुरुस्तीला जवळजवळ तेवढाच खर्च येतो. हा हिशेब मी वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्यानं फेटाळतो. नवं चाक कधी एकटं येत नाही, नव्या नवरीसारखं ते आपलं सामान घेऊन येतं. दुकानदार म्हणतो, बदलताच आहात तर सोळा इंचीऐवजी अठरा इंची घ्या. अठराला सोळाचा टायर बसत नाही, म्हणून टायर नवे. त्या टायरची बाजू पट्टीएवढी बारीक, म्हणून खड्ड्याचा ठोका रबराऐवजी थेट चाकावर. मग मधलं भोक जुळायला हवं, नटांची भोकं जुळायला हवीत, चाक आत-बाहेर किती बसतं तेही जुळायला हवं. नाहीतर वळणावर टायर मडगार्डला घासतो. टोपी शोभत नाही म्हणून डोकं बदलण्यातला हा प्रकार आहे. दुरुस्तीचा खर्च हा महसुली खर्च, वर्षाच्या आत पचतो. नवी चाकं म्हणजे भांडवली खर्च, आणि त्याचे हप्ते असतात, हे मी हप्ते वसूल करणाऱ्या बाजूला बसून सांगतो आहे.

मुद्दा तिसरा, नवं ते नवं. यावर घसाऱ्याचा नियम ऐका. घटत्या बाकीच्या पद्धतीनं वस्तूची किंमत दरवर्षी कमी होत जाते, पण शून्यावर कधीच येत नाही. हिशेबाचं शास्त्रसुद्धा जुन्या वस्तूला इतकं लवकर मारत नाही. दुकानदार मात्र काउंटरवरूनच तिला पाणी पाजतो.

मग ठरवायचं कसं? मापून. आमच्याकडे लोक फाटक्या नोटा घेऊन येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पन्नासच्या आणि त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे, त्याखाली काही नाही. नोट कळकट आहे, तिच्यावर कुणीतरी कुणाचं तरी नाव लिहून बदाम काढलाय, याचा त्या हिशेबाशी संबंध नाही. पट्टी सांगते, आम्ही ऐकतो.

आपल्या बापजाद्यांनाही हे ठाऊक होतं. बंडीच्या चाकावरची लोखंडी धाव सैल झाली की लोहार ती लाल तापवून पुन्हा चढवी आणि वर पाणी ओती. लोखंड आकसे आणि आरे गच्च धरी. लाकूड शाबूत असेल तर चाक तेच राहायचं. वऱ्हाडातली खरी स्पोर्ट्स कार म्हणजे शंकरपटातली छकडी, आणि तळेगाव दशासरचा पट कुणाला ठाऊक नाही? २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं थांबलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाकं चमकत नाहीत म्हणून कुणी पटातून जोडी मागं घेतल्याचं ऐकिवात नाही.

आणि अकोल्याच्या वाटेवरच्या मूर्तिजापूरची आपली शकुंतला! तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत यवतमाळच्या बाजूला गाडी ओढत राहिलं. रेल्वेत चाक झिजलं की ते लेथवर चढवून पुन्हा आकारात आणतात. ठरलेल्या मापाखाली गेलं तरच बाद करतात. शकुंतला आज बंद आहे, पण ती चाकं चमकत नव्हती म्हणून नव्हे.

आता दुसऱ्या पक्षाचाही समाचार घेतो, कारण तो जास्त घातक आहे. हा पक्ष म्हणतो, काहीही फेकू नका, वेल्डिंग मारा, वर रंग मारा, कुणाला दिसतंय! आरा तडकला असेल किंवा आतल्या काठाला चीर गेली असेल तर त्या चाकाला रंग लावणं म्हणजे अपघातावर पांघरूण घालणं. म्हणून रंगाआधी तपासणी. बाजारात मडकं घेताना बायका वाजवून घेतात, चाकाचं तेवढ्यानं भागत नाही. चिरेत शिरणारा रंग लावून, पुसून, वर पांढरी भुकटी मारली की चीर लाल रेघेसारखी उमटते. भाच्याच्या एका चाकाला ती आतल्या बाजूनं उमटली. वरून तेच चाक सगळ्यांत बरं दिसत होतं.

ते एक चाक बदललं, त्याच मापाचं. तिघांना भट्टी दाखवली. चिरलेल्या चाकाला गिऱ्हाईक लगेच उभं राहिलं. मारतो थोडं वेल्डिंग, म्हणे, आणि विकतो कुणा टॅक्सीवाल्याला. भाच्यानं भाव विचारला तेव्हा मी त्याला चांगलाच दटावला. बाद झालेल्या नोटा रिझर्व्ह बँक पुन्हा बाजारात सोडत नाही. त्यांचा भुगा करते आणि त्या भुग्याच्या विटा पाडते. आपल्या गाडीला जे नको ते दुसऱ्याच्या गाडीला चालेल, असं म्हणणाऱ्यानं त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर स्वतःची पोरं बसवून दाखवावीत. चाक घणानं फोडलं आणि भंगारात वजनावर दिलं. पैसे कमी आले, झोप पूर्ण आली.

तेव्हा नवं घ्या म्हणणाऱ्याला विचारा, चाक गोल आहे ना? रंग मारा म्हणणाऱ्याला विचारा, चाक अखंड आहे ना? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर उरलेला पैसा बँकेत ठेवा. चमकेचं म्हणाल, तर कोरी नोट चमकते ती चार दिवस. मळल्यावरही तिला शेरभर वांगी तेवढीच येतात.