पुण्याचा चंदू आणि कॅरिबियन तोफखाना

शिरूर-दौंडच्या मैदानांवर टेनिस बॉल मारणारी पोरं गेल आणि पोलार्डची नावं घेतात, घ्यावीतच. पण त्यांना आपल्या पुणे जिल्ह्याचे चंदू बोर्डे ठाऊक असायलाच हवेत. वेस्ट इंडीजविरुद्धच्या 1958-59 च्या मालिकेतच बोर्डे यांचं कसोटी पदार्पण झालं. समोर वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट, डोक्यावर हेल्मेट नाही. मालिका आपण 3-0 अशी हरलो, पण दिल्लीची शेवटची कसोटी वाचवली ती प्रामुख्याने बोर्डे यांनी. त्यांनी पहिल्या डावात 109 आणि पाहुण्यांच्या 644 धावांच्या डोंगरापुढे दुसऱ्या डावात 96 धावा काढल्या. दुसरं शतक चार धावांवर असताना गिलख्रिस्टच्या चेंडूवर ते हिट विकेट झाले. हीच ती जिगर! छातीवर, डोक्यावर थेट चेंडू टाकणाऱ्या त्या गिलख्रिस्टला पुढे त्याच्याच कर्णधाराने, जेरी अलेक्झांडरने, दौऱ्यावरून घरी पाठवलं आणि तो पुन्हा कसोटी खेळला नाही. बोर्डे मात्र 55 कसोटी खेळले. 1966-67 मध्ये हॉल, ग्रिफिथ, सोबर्स, गिब्ज यांच्यासमोर त्यांनी मुंबईत 121 आणि मद्रासला 125 केल्या. त्यांच्या पाच कसोटी शतकांपैकी तीन वेस्ट इंडीजविरुद्धची आहेत. शिरूर-दौंडच्या क्रीडाशिक्षकांनो, हे आकडे पोरांना जरूर सांगा.