बुटाची नाडी

रविवारी पहाटे साडेपाचला मी सॅक भरत होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एकशे एकविसावं स्तोत्र डोंगराकडं बघून म्हणायचं असतंय, डोंगरावर चढून नव्हं." उपासना बुडवून चाललोय त्याचा राग एवढाच. त्याच हातांनी तिनं भाकरी फडक्यात बांधल्या, वर खर्ड्याची डबी ठेवली आणि दोन भाकरी जास्तीच्या घातल्या. "त्या पोरांचं काय खरं न्हाई." ती पोरं आता पंचेचाळिशीला आलीत.

आम्ही पाच जण. गौरी-गणपती आटोपले की पन्हाळा ते मसाई पठार, एक दिवस, हा आमचा नेम. जुलैतली पावनखिंडीची मोहीम कॉलेजात असताना केली होती. पन्नासेक किलोमीटर चिखल तुडवला होता आणि रात्री कुणाच्या तरी गोठ्याशेजारी पाठ टेकली होती. ते आता गोष्टीत सांगायचं. हल्ली सगळ्यांत जास्त बोलतात ते आमचे गुडघे.

या कंपूत माझं नाव 'फादर'. आमच्यात फादर नसतो, पास्टर असतो, आणि मी यातला कुणीच नाही, मागच्या बाकावर बसणारा साधा माणूस आहे, हे मी वीस वर्षं सांगतोय. ऐकतो कोण! कोल्हापुरात एकदा चिकटलेलं नाव महापालिका आली तरी निघत नाही.

तसा आमच्या गावाचा ख्रिस्ती इतिहास चांगला दणदणीत आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला, आणि १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात त्याच्या खटपटीमुळं शंभर तरुण परदेशी मिशनला जायला तयार झाले. म्हणजे पंचगंगेचं पाणी प्यायलेला माणूस तिकडंही गप्प बसला नाही. माझे आजोबा दुसऱ्या टोकाचे. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सुई टोचण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे. पेशंटला वाटायचं, कंपाउंडर औषधाचं माप आठवतोय. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला उपदेश केल्याचं घरात कुणाला आठवत नाही. त्यांचं ते डोळे मिटणं माझ्याकडं आलं. धाडस मात्र आलं नाही.

पन्हाळ्यावर चहा मारून राजदिंडीनं उतरलो. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून याच वाटेनं निघाले. इथं आमच्यातला सगळ्यांत बडबड्याही शंभर पावलं गप्प चालतो. दरवर्षी कुणीतरी शिवा काशिदांचं नाव काढतोच. महाराजांचा वेश घेऊन, मरण ठरलेलं असताना पालखीत बसलेला तो माणूस. त्यावर कुणी काही बोलत नाही. तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठाराची चढण लागली की मग पुन्हा एकमेकांची आय-माय सुरू होते.

मसाईचं पठार म्हणजे जांभ्याचं उघडं माळरान. पावसाळ्यात वर पाणी, खाली पाणी, मध्ये आपण. भाद्रपदात खडकाच्या बशीएवढ्या खळग्यांत सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, नखाएवढी. पायाखाली येऊ नयेत म्हणून चालायचं तर माणूस नाचल्यासारखा चालतो. रेव्हरंड टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. हे पठार त्यांनी पाहिलं असतं तर आमच्यासारखं वर्षातून एकदा येऊन भागलं नसतं.

मसाईच्या देवळात चौघं आत गेले. मी बाहेर सगळ्यांच्या काठ्या आणि बूट राखत बसलो. हेही वीस वर्षांचं ठरलेलं काम. घंटा वाजली, नारळ फुटला, आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढं आला. आमच्या आजीनं तो घेतला नसता. नैवेद्याचं खावं की न खावं हा आमच्या घरांतला जुना वाद, आणि तो पौलाच्या काळापासूनचा आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यानं आठवा अध्याय त्यावरच खर्च केलाय. सारांश असा की खाल्ल्यानं देव जवळ येत नाही, न खाल्ल्यानं लांबही जात नाही. पण तुमच्या वागण्यानं भावाला ठेच लागता कामा नये. दोन्ही बाजूंचे लोक हाच अध्याय पुढं करतात. मसाईवर पावसात निथळत एक भाऊ हात पुढं करून उभा असतो तेव्हा मला तरी अर्थ लावायला वेळ लागत नाही. मी खोबरं खातो. आईला ते माहीत आहे. ती विचारत नाही, मी सांगत नाही.

जेवायला पांडवदऱ्याच्या लेण्यांकडं जायचं ठरलं होतं, पण धुकं असं उतरलं की हातातली काठी दिसेना. तिथंच एका खडकाच्या आडोशाला बसलो. फडकी सुटली. आईची भाकरी पाच जणांत मोडली. खर्डा भाकरीवर घेतला की त्याचं तेल हळूहळू कडेनं पसरतं, आणि थंडीत तो वास नाकात गेला की माणूस देवाधर्माचा राहत नाही. पहिल्या काही वर्षांत मी याच वेळी खाली वाकायचो आणि बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करायचो. तेवढ्यात उपकारस्तुती उरकायची. वाटायचं, कुणाला कळत नाही. एका वर्षी पेठेतला मित्र भाकरी चावत म्हणाला, "फादर, तुझी नाडी बरोबर जेवायच्या टायमालाच कशी सुटती रं?" कान लाल झाले माझे. मग तोच म्हणाला, "सरळ बसून कर की. आम्ही काय पळून जातोय?"

तेव्हापासून सरळ बसून करतो. आपली प्रार्थना खोलीचं दार लावून करावी असं येशूनं सांगितलंय, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात. मी नाडीच्या आड लपायचो ते मात्र दार लावणं नव्हतं. ती लाज होती. एवढं कळायला पेठेतला माणूस लागला. यंदा डोळे मिटले तेव्हा चौघांचे हात भाकरीवर थांबलेले होते. एकानं घास तोंडाशी नेला असावा, कारण दुसऱ्याचा दबका आवाज आला, "थांब की जरा, त्याचं हू दे." मिनिटभर नुसतं पाणी ठिबकत होतं.

उतरताना माझी जागा शेवटी. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या मागं राहायचं. यंदा हळू चालत होता आमच्यातला सगळ्यांत दणकट गडी. त्याच्या वडिलांचं डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून दोनदा. हाच नेतो, हाच आणतो. दिवसभर त्याचा आवाज फुटला नव्हता. पुढचे तिघं वळणाआड गेल्यावर तो मागं न बघताच म्हणाला, "मघाशी डोळं मिटलंस तवा आमच्या आण्णांचं काय बोललास?"

खोटं बोलता आलं असतं. मी फक्त एवढंच मागितलं होतं की उतार संपेपर्यंत पाऊस नको.

"न्हाई," म्हटलं.

तो थांबला. "मग आता बोल की. मी हाय हितं."

जुन्या सवयीनं माझा हात बुटाकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. उभाच राहिलो. त्यानं डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरली. हे त्याला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. शब्द पटकन सापडेनात. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. खालून हाका यायला लागल्या, एकदा, दोनदा, मग तिघांच्या एकदम.

"आलो, आलो!" तो ओरडला. "फादरच्या बुटाची नाडी सुटलीया!"