'यू'शिवायचा 'क्यू'

चवथीला घर भरले की आमच्याकडे आता पत्त्यांसोबत स्क्रॅबलचाही डाव रंगतो. या खेपेस माझ्या हाती 'क्यू' आला आणि मी 'यू'ची वाट पाहत बसलो. शंभर सोंगट्यांत 'क्यू' एकच, 'यू' चार, आणि ते चारही इतरांनी वापरून टाकले. 'क्यू'च्या मागून 'यू' यायलाच हवा, हे आम्हांला शाळेत घोटून शिकवलेले. दहा गुणांची ती सोंगटी शेवटपर्यंत हातातच राहिली. पुढच्या डावात ती भाच्याकडे गेली. त्याने शांतपणे क्यू, ए, टी अशी तीन अक्षरे मांडली. मी अर्थ विचारला.

"मामा, अर्थ कशाला हवा? यादीत आहे, म्हणजे चालतो."

तीन-चार अक्षरी असे कितीतरी शब्द त्याला पाठ होते. अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता.

आता खेळापुरते त्याचे बरोबरच आहे. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले, तेही फ्रेंच बोलता येत नसताना. २०२४ साली स्पॅनिशमध्येही तेच करून दाखवले. त्या माणसाच्या स्मरणशक्तीला माझा नमस्कार. पण आपण काही जगज्जेतेपदासाठी खेळत नाही. आणि हे शब्द तर असे आहेत की अर्थ न विचारणे म्हणजे फणस आणून गरे न खाता साल चाखण्यासारखे.

क्यू, ए, टी म्हणजे 'कात'. विड्यातला कात नव्हे. येमेन, इथिओपिया, सोमालिया या भागांत लोक दुपारी तासन् तास चघळतात तो झुडपाचा पाला. त्याने तरतरी येते. ब्रिटनने २०१४ साली त्यावर बंदी घातली. एस, यू, क्यू म्हणजे 'सूक', अरबी बाजार. हाच शब्द पोर्तुगीजमध्ये जाऊन 'असोग' झाला, आणि तिथे त्याचा अर्थ उरला फक्त मांसाचे दुकान! 'काइद' म्हणजे म्होरक्या; त्याचाच पोर्तुगीज अवतार 'अल्काइद', किल्ल्याचा अधिकारी. 'कनात' म्हणजे इराणातले भूमिगत पाण्याचे बोगदे. तंबूची कनात निराळी. हे बोगदे मात्र आपल्याला परके नाहीत. बिदरला बहामनी काळातला 'कारेझ' आहे, बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे, दोन्ही याच तंत्राचे. इराणातल्या कनातींना युनेस्कोने २०१६ साली जागतिक वारशात घेतले.

या शब्दांत 'यू' चिकटत का नाही? अरबीत 'क' दोन आहेत. एक आपल्यासारखा, दुसरा पार पडजिभेपाशी उच्चारायचा. त्या दुसऱ्यासाठी इंग्रजीने 'क्यू' राखून ठेवला. मराठीने दोन्हींना एकाच 'क'त घातले. किताबातला 'क' पहिला, काझीतला दुसरा. आपल्या कानाला दोन्ही सारखेच. हिंदीवाले निदान अक्षराखाली नुक्ता देतात, आपण तेवढेही करत नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. शब्द घरात आला की घरच्यासारखाच राहणार. पण ज्या इंग्रजी स्पेलिंगला आपण उठता-बसता नावे ठेवतो, त्यानेच हा फरक जपून ठेवला, हे कबूल करायला हवे.

काझीचेच पाहा. क्यू, ए, डी, आय. इंग्रजीत 'कादी', कारण तो थेट अरबीतून उचललेला. आपल्याकडे फारसीच्या तोंडून आला, म्हणून 'झ'.

भाच्याचा लाडका शब्द होता क्यू, आय. दोनच अक्षरे आणि अकरा गुण. अमेरिकेतल्या खेळाडूंना तो २००६ साली अधिकृत यादीत मिळाला. याचा अरबीशी संबंध नाही. चीनने १९५८ साली आपली भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत स्वीकारली, तिच्यात 'क्यू'चा उच्चार 'च'च्या जवळचा. शब्द 'ची', अर्थ श्वास किंवा प्राणशक्ती. पोरगा इतके दिवस त्याला 'की' म्हणत होता.

हे सगळे सांगत असताना तो मोबाईलमध्ये डोके घालून बसला होता. ऐकतोय की नाही कळेना. रात्री आरतीनंतर मात्र जवळ आला.

"मामा, काझी चालतो, तर मग फकीर?"

तो त्याच्या यादीत नव्हता. पाच अक्षरी ना! मी म्हटले, चालतो की.

बोटांवर मोजत म्हणाला, "सतरा गुण!"