विश्लेषण : ‘गोळी पायावर का नाही मारली?’ प्रश्न रास्त, पण अपुरा!

पोलीस चकमकीची बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘पायावर का नाही मारली?’ घरात शिरलेल्या दरोडेखोरावर कुणी परवान्याच्या पिस्तुलातून गोळी झाडली, तरी हाच प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात माणुसकी असते, त्यामुळे त्याला वेड्यात काढायचे कारण नाही. मात्र इंजिनीअरिंग शिकलेल्या माझ्यासारख्याला त्यात एक गृहीतक खटकते. ते म्हणजे, पायावर मारलेली गोळी ‘सौम्य’ असते.

हा प्रश्न न्यायालयातही आला होता?

हो. 23 सप्टेंबर 2024 रोजी बदलापूर अत्याचार प्रकरणातील आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मृत्युमुखी पडला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे होते. गोळी डोक्याला लागली होती. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने विचारले : हातावर किंवा पायावर गोळी का मारली नाही? आणि व्हॅनमधल्या पोलिसांना एका माणसाला आवरता कसे आले नाही?

चर्चा पहिल्या प्रश्नाची झाली. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता.

पायावर नेम धरणे एवढे अवघड का?

मांडी छातीपेक्षा अरुंद असते आणि पळताना सतत हलते. एका क्षणी पाऊल जमिनीवर टेकलेले असते, तर पुढच्याच क्षणी ते शरीराहून कितीतरी वेगाने पुढे येते. छाती-पोटाचा भाग त्यामानाने स्थिर आणि रुंद. म्हणूनच जगभरातल्या बहुतेक पोलीस प्रशिक्षणात जिवावर बेतलेल्या प्रसंगी शरीराच्या मधल्या भागावर नेम धरायला शिकवतात. हेतू ठार मारण्याचा नसतो, हल्ला थांबवण्याचा असतो.

वेळ किती मिळतो? अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे. चाकू घेतलेला माणूस 21 फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. पिस्तूल काढून नेमकी गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आपल्या हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे हे अंतर.

त्यात भीतीने हात थरथरतात. न्यूयॉर्क पोलिसांबाबत रँड संस्थेचा 2008 चा अहवाल सांगतो, की समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांच्या नेमाचे यश सरासरी 18 टक्के होते. म्हणजे प्रशिक्षित हातांतून सुटलेल्या पाच गोळ्यांपैकी एकही धड लागत नव्हती. चुकलेली गोळी हवेत विरघळत नाही. ती भिंतीला, शेजारच्या खिडकीला किंवा रस्त्यावरच्या माणसाला जाऊन लागते.

गोळी लागली की माणूस पडतोच ना?

हा सिनेमाचा परिणाम. 9 मिमी पिस्तुलाची गोळी साधारण 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 350 मीटर. तिचा संवेग येतो 2.8 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ताशी 140 किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेट चेंडूचा संवेग याच्या दुपटीहून जास्त असतो! चेंडू लागून फलंदाज मागे उडत नाही, तसा गोळीनेही माणूस उडत नाही. गोळी आत शिरून इजा करते आणि त्या इजेचा परिणाम व्हायला वेळ लागू शकतो.

11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयापाशी पोहोचण्याआधी थांबली. जखम जीवघेणी होती, तरीही तो लढत राहिला. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले. एफबीआयच्या 1989 च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झाली तरच माणूस तत्काळ थांबतो. हृदय निकामी झाले तरी मेंदूत 10 ते 15 सेकंद पुरेल इतका ऑक्सिजन असतो.

उलट, मांडीतून मोठी रक्तवाहिनी जाते. ती फुटली तर काही मिनिटांत रक्तस्रावाने मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे पायावरची गोळी हल्ला थांबवेल याची खात्री नाही आणि जीव वाचेल याचीही नाही.

कायदा काय सांगतो?

भारतीय न्याय संहितेतील कलम 34 ते 44 खासगी संरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. त्यांत पाय, छाती, डोके असा भेद कुठेच नाही. कायदा विचारतो ते वेगळेच.

- मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती होती का? (कलम 38)
- गरजेपेक्षा जास्त बळ वापरले का? पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का? (कलम 37)
- गोळी झाडली त्या क्षणी धोका शिल्लक होता का? (कलम 40)

हल्लेखोर चाकू टाकून कुंपणावरून पळू लागला, तर जिवाच्या भीतीपोटी मिळालेला हक्क तिथेच संपतो. त्यानंतरची गोळी पायावर मारली तरी ती बचाव ठरत नाही. मात्र ऐन संकटात सापडलेल्याने बळाचा वापर सोन्याच्या तराजूत तोलावा, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयही ठेवत नाही.

मग प्रश्न कुठे चुकतो?

‘पायावर मारली असती तर चालले असते’ असे आपण म्हणतो, तेव्हा गोळी झाडण्याला नकळत मान्यता देऊन टाकतो. उत्तर प्रदेशात आरोपींच्या पायावर गोळ्या झाडण्याचे प्रकार इतके झाले, की त्याला ‘ऑपरेशन लंगडा’ असे नावच पडले. पायावरची गोळी ‘कमी गंभीर’ मानली, की बंदूक बाहेर काढणे सोपे होते. माणुसकीतून आलेला प्रश्न असा उलट दिशेला जातो.

बदलापूर प्रकरणातही गोळी कुठे लागली हा पुरावा महत्त्वाचाच आहे. अंतर, दिशा, झटापट खरोखर झाली का, हे त्यावरून कळते. पण कळीचा मुद्दा गोळी झाडण्याआधीचा होता. दंडाधिकारी चौकशीच्या अहवालाने जानेवारी 2025 मध्ये पाच पोलिसांना जबाबदार धरले, तेही बळाचा वापर समर्थनीय नव्हता या कारणाने.

यातून घ्यायचे काय?

शस्त्र नियम, 2016 मध्ये परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. शस्त्र कसे हाताळायचे, कसे ठेवायचे हे शिकलेच पाहिजे. पण चाप कधी ओढायचा नाही, याचा सरावही तितकाच व्हायला हवा. दार आतून बंद करून 112 ला फोन करता येतो का, मागे सरकायला जागा आहे का, समोरच्याच्या मागे कोण उभे आहे, हे निर्णय नेमाच्या आधीचे आहेत. पोलिसांच्या बाबतीत तर आरोपीला नेताना पिस्तूल त्याच्या हाती लागणारच नाही, अशी व्यवस्था ही पहिली जबाबदारी.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा ‘पायावर का नाही?’ हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा : ‘गोळी झाडायची वेळ का आली?’