मोहाच्या दिवसांतले कॅल्क्युलस

२०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ उभे राहिले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना पदवी जवळ आली. पण अभ्यासाचे नियम करताना जंगलाचे वेळापत्रकही पाहायला हवे, असे मला वाटते.

दुसरे सत्र रंगात येते तेव्हाच मोह गळू लागतो, पाठोपाठ तेंदूपत्ता. अनेक घरांची रोकड त्यावरच; मग कॉलेजातले हातही लागतात. नेमके तेव्हा वर्गात इंटिग्रेशन चालू असते. इतिहासाचे एक प्रकरण सुटले तरी पुढचे वाचता येते. इथे सब्स्टिट्यूशन कच्चे राहिले, की पुढची बरीच गणिते अडतात.

म्हणून गुणांची खैरात नको. ती मुलाला पुढच्या वर्षी बुडवते. ७५ टक्के हजेरीची अटही राहू द्या. मात्र पहिल्याच दिवशी सारे नियम सोप्या मराठीत लेखी द्या. दर आठवड्याचा गृहपाठ तपासून परत करा. हंगामात बुडालेले तास परीक्षेआधी पुन्हा घ्या आणि ते हजेरीत धरा. उन्हामुळे कॉलेज सकाळचे केले, तर मोह वेचण्याची पहाटच सापडते, हेही ध्यानात ठेवा.

पालकहो, टोपली उतरली की मुलांना वर्गात धाडा. परीक्षा सर्वांना सारखीच असावी; तयारीची संधीही तशीच मिळायला हवी.