बाई वस्ताद का होऊ नये?

कोल्हापुरात पैलवानाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात : कुठल्या तालमीचा? आणि वस्ताद कोण? पट्ठ्याने मैदान मारले की वस्तादाची मान आपोआप ताठ होते. ही या मातीची रीतच आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक मिळवले. १९५२ साली राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचे ब्राँझ आणले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. गावोगाव गुलाल उधळला गेला. पण मित्रहो, 'वस्ताद कोण?' हा आपला हक्काचा प्रश्न त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांनी विचारला?

वस्ताद एक बाई आहेत. दीपाली देशपांडे हे त्यांचे नाव. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या स्वतः याच प्रकारात खेळल्या आणि पदकाविना परतल्या. आपल्याकडे अशा खेळाडूची कारकीर्द संपली असे समजतात. त्यांनी मात्र पुढे भारताच्या कनिष्ठ नेमबाजांना घडवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

या खेळात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावा लागतो. पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटरचे! पॅरिसच्या अंतिम फेरीत पहिल्या दोन स्थितींनंतर स्वप्निल पदकाच्या बाहेर होता. उभ्याने नेम धरताना तो वर आला. अशा वेळी मन कसे डळमळते, हे जिने तो एकटेपणा स्वतः भोगला आहे, तिला वेगळे सांगावे लागत नाही.

'बाई पुरुषाला काय शिकवणार?' असे कुणी म्हणेल. निशाणाला हा प्रश्न पडत नाही. चांगली खेळाडू चांगली प्रशिक्षक होईलच असे नाही, हे मात्र खरे. शिकवणे ही निराळी विद्या आहे. म्हणूनच पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत तिचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

मी स्वतः खो-खो खेळते. शेवटचे वर्ष लागले तसे घरी विचारतात, "आता हे पुरे ना?" माझ्यासोबत धावणाऱ्या कितीतरी मुलींना हाच प्रश्न ऐकू येत असेल. पदक नाही, म्हणजे वर्षानुवर्षे कमावलेले सारे वाया, असा त्याचा अर्थ. दीपालीताईंकडे पाहून मला त्याचे उत्तर सापडले आहे : मैदानातून बाहेर पडणारी मुलगी रिकाम्या हाताने जात नाही. तिच्या हाती शिट्टी द्या, चार पोरी तिच्या स्वाधीन करा, आणि मग पाहा. ज्या गावाने वस्तादाला मान दिला, त्या गावाने तो मान बाईलाही द्यायला हरकत कसली?